खंड्याचे पहिले साडेचार महिने

सातारा,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरवल्याचे वाचून आनंद झाला. मात्र आमच्या खंड्याला काय काय येते, या तुझ्या प्रश्नाने मी थोडा ओशाळलो. साडेचार महिन्यांच्या या गावठी वीराला 'बस' आणि 'ये' एवढेच समजते, आणि त्यातले 'ये' समोर मांजर नसेल तरच. (नाव अर्थातच साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचे, संगम माहुलीला त्याची समाधी आपण शाळेत असताना पाहिली होती. वाघापासून महाराजांना वाचवणाऱ्या त्या खंड्याशी आमच्या खंड्याचे साम्य नावापुरतेच आहे.) माझे बहुतेक श्रम खर्च झाले ते त्याची भीती घालवण्यात, आणि ती भीती बऱ्याच अंशी मीच घातलेली होती.

तो घरी आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता. त्याआधी आणू नये, हे तूही पाळ; चावा किती जोराने घ्यायचा, हे पिल्लू आईकडून आणि बरोबर जन्मलेल्या भावंडांकडून शिकते. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली मांडले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसते, ऐकू येते, ते पिल्लू आपलेसे करते. पुढे नवे ते संशयाचे होत जाते. अडचण अशी, की लसींचा क्रमही नेमका याच काळात चालू असतो आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही. म्हणून मी त्याला भाजीच्या पिशवीत घालून, डोके तेवढे बाहेर ठेवून, पोवई नाक्यापर्यंत हिंडवत असे. एसटीचा भोंगा, हेल्मेट घातलेली माणसे, छत्री उघडण्याचा आवाज हे सर्व त्याने पिशवीतून पाहिले.

इथवर ठीक चालले होते. पण गणपतीत तो नऊ-दहा आठवड्यांचा, म्हणजे मुळातच बिचकण्याच्या वयाचा असताना मी हौसेने त्याला ढोल-ताशांच्या मिरवणुकीजवळ नेले. पहिला ठोका पडताच त्याने पिशवीतच मुतून दिले, आणि पुढचे दोन दिवस वाटीचा खणखणाट झाला तरी तो पलंगाखाली जाऊन बसे. मग मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावायचा, त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा, आणि तो निवांत खातो आहे असे दिसले तरच आवाज किंचित वाढवायचा, असा उद्योग मी रोज पाच मिनिटे सहा आठवडे केला. दिवाळीत फटाके वाजले तेव्हा तो पलंगाखाली गेलाच, पण तिथे बसून त्याने भाकरी खाल्ली. मला तेवढे पुष्कळ वाटले.

शी-शूचे फारसे अवघड नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच परसात न्यावे, आणि तिथे काम झाले की त्याच क्षणी खाऊ द्यावा. घरात चुकले तर आमचे थोरले काका सांगतात तसे नाक घासू नये; त्याला त्यातून एवढेच कळते, की हा माणूस अधूनमधून विनाकारण चिडतो.

सध्या दुधाचे दात पडत आहेत. अठ्ठावीस जाऊन बेचाळीस येणार. परवा सोप्यावर तांदळाच्या कणीएवढा एक दात सापडला, तो सौभाग्यवतीने काडेपेटीत जपून ठेवला आहे. माझी कोल्हापुरी चप्पल मात्र गेली. ओल्या फडक्याला गाठ मारून ते फ्रीजमध्ये गार करून दिले, की अर्धा तास शांतता मिळते. हात चावू लागला तर ओरडू नये. खेळ तिथेच थांबवून उठून जावे.

नाताळच्या सुट्टीत वहिनींना घेऊन ये. दारात खंड्या अंगावर उड्या मारील, तेव्हा त्याच्याकडे न पाहता पाठ फिरवून उभा राहा, आणि चारही पाय जमिनीला टेकले की मगच त्याच्याशी बोल. वहिनींनाही हे आधीच सांगून ठेव, कारण गेल्या खेपेला आलेल्या पाहुण्यांनी त्याला कडेवर घेऊन माझी आठ दिवसांची मेहनत वाया घालवली.

तुझा,
अनिल