सूचना : रविवारी क्षेपणास्त्र नौकांच्या मॉडेलची पाण्यातली पहिली चाचणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मखमलाबादच्या नेहमीच्या शेततळ्यावर जमायचं आहे. ९ नंतर वारा सुटतो, म्हणून वेळेवर या.

आपण ओसा-१ या सोव्हिएत बनावटीच्या वर्गातली क्षेपणास्त्र नौका १:४० प्रमाणात करतोय. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या भारतीय नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर याच वर्गातल्या. मूळ लांबी ३८.६ मीटर, म्हणजे आपलं मॉडेल साडेशहाण्णव सेंटिमीटर. क्षेपणास्त्रं डागायचे चारही लाँचर पेटीसारखे चौकोनी हवेत. दोघांनी नळकांड्यासारखे गोल बसवलेत. ते नंतरच्या ओसा-२ चे. कृपया बदलून घ्या. एवढी मेहनत घेतल्यावर नेमकी ओळखीची खूणच चुकायला नको.

येण्याआधी :

• शाफ्टच्या (मोटर आणि पंख्याला जोडणाऱ्या दांड्याच्या) नळीत ग्रीस भरा, घरी टबात तरंगवून गळती पाहा.
• शिशाचं वजन तळाशीच ठेवा. वर रडार, तोफा चढवल्या की नौका डोलते. वजन आत्ता कायमचं चिकटवू नका, पाण्यात बघून ठरवू.
• रिमोटचा सिग्नल तुटला की मोटर बंद झालीच पाहिजे. हे तपासल्याशिवाय कुणाचीही नौका पाण्यात उतरणार नाही.
• लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली असेल तर आणू नका.

तळ्याचा प्लास्टिक कागद फार निसरडा असतो. नौका अडकली तरी कुणीही पाण्यात उतरायचं नाही; दोरी आणि गळ मी आणतोय. मुलं सोबत असतील तर लाइफ जॅकेट सक्तीचं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.