व्हॉल्व्हबद्दल थोडं

चि. अन्वयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच पाइपलाइनवर इतक्या तऱ्हेचे व्हॉल्व्ह कशाला, असं तू परवा विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी एवढंच बघ: इथे प्रवाह फक्त चालू-बंद करायचाय, की कमी-जास्त? गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वाट सरळ मोकळी होते, दाब जवळजवळ वाया जात नाही. पण प्रवाह कमी करायला तो अर्धवट उघडा ठेवू नकोस. अरुंद फटीतून वेगाने जाणारं पाणी किंवा वाफ त्याची सीट, म्हणजे बंद होताना झडप जिथे घट्ट बसते ती कड, कुरतडते. मग पूर्ण बंद केला तरी तो गळतो. त्या कामाला ग्लोब व्हॉल्व्ह. त्यात प्रवाहाला वळण घ्यावं लागतं, दाब जास्त घटतो, पण नियंत्रण चांगलं मिळतं. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत बंद होतो. दांडा पाइपाला समांतर असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. मोठ्या व्यासाच्या पाण्याच्या लाइनला बटरफ्लाय, म्हणजे आत फिरणारी चकती असलेला व्हॉल्व्ह. पंपाच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, एनआरव्ही (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) लागतो, नाहीतर पंप थांबताच पाणी मागे येऊन त्याला उलटा फिरवेल. तो बसवताना बॉडीवरचा बाण तपास.

दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बॉयलर आणि तो यांच्यामध्ये बंद करता येईल असं काहीही नसावं. गळतोय म्हणून स्प्रिंग आवळायला कुणी सांगितलं, तर साफ नकार दे, मग तो कितीही वरिष्ठ असो.

आणि पॅनलवरच्या दिव्यावर विसंबू नकोस. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. दिवा विझला, म्हणून ऑपरेटरांना तो बंद झालाय असं वाटलं. दिवा मात्र बंद करण्याचा सिग्नल गेला, एवढंच सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ त्यातून रिॲक्टरचं पाणी निसटत राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. म्हणून शंका आली की लाइनवर जा आणि स्टेम (व्हॉल्व्ह उघडताना वर येणारी सळई) किती वर आलाय ते डोळ्यांनी बघ.

कंट्रोल व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने हलतो. ती हवा गेली, तर तो उघडतो की बंद होतो, हे बसवण्याआधीच ठरलेलं असतं. इंधनाचा सहसा बंद व्हायला हवा, थंड करणाऱ्या पाण्याचा उघडा राहायला हवा. तुझ्या युनिटमधला प्रत्येक कंट्रोल व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला जातो, याची यादी कर आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव.

तुझा,
बाबा