उसनवारीवर अडलेली शिल्पं: ब्रिटनच्या संस्कृतिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संस्कृतिमंत्री, ब्रिटिश सरकार, लंडन यांना,

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षं झाली लंडनला राहतोय, टॅक्स वेळच्या वेळी कापला जातो, तेवढ्या हक्कावर लिहितोय. पत्र मराठीत आहे कारण वैताग आला की मला इंग्रजी सुचत नाही, घ्या कुणाकडून तरी वाचून.

विषय अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या शिल्पांचा, जी तुमच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस परत मागतंय. तुमच्याकडे अजून बरेच जण त्यांना एल्गिन मार्बल्स म्हणतात, म्हणजे घडवली अथेन्सच्या कारागिरांनी अडीच हजार वर्षांपूर्वी आणि नाव कुणाचं, तर ती उचलून आणणाऱ्या तुमच्या राजदूताचं, लॉर्ड एल्गिनचं.

गेल्या उन्हाळ्यात अथेन्सला गेलो होतो. तिथलं नवं ॲक्रोपोलिस म्युझियम 2009 ला उघडलं, त्याचा सगळ्यात वरचा मजला काचेचा आणि खालच्या मजल्यांपेक्षा मुद्दाम तिरका फिरवलाय, का तर समोर टेकडीवर पार्थेनॉन ज्या दिशेला उभं आहे तीच दिशा इथे पण हवी. देवळाभोवती घोडेस्वारांची, बळीच्या बैलांची, मिरवणुकीची जी कोरीव पट्टी होती ना, साधारण 160 मीटर लांब, ती तिथे मूळ क्रमाने लावलीये, पण अधेमधे नुसतं प्लास्टर. मधाच्या रंगाचा संगमरवर, मग एकदम पांढरंफटक प्लास्टर, मग परत संगमरवर. प्लास्टर दिसलं की समजायचं अस्सल तुकडा बहुतेक लंडनला, कारण सुमारे 75 मीटर पट्टी तुमच्याकडेच आहे. पोसायडनच्या धडाचं तर हसावं का रडावं कळेना, छातीचा पुढचा भाग अथेन्सला नि खांदे लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये.

आता परत द्या म्हटलं की तुमच्याकडून येणारी उत्तरं मला पाठ आहेत. एल्गिनने परवानगी घेतली होती म्हणे. कुणाची, तर अथेन्सवर तेव्हा राज्य करणाऱ्या ऑटोमन सरकारची, आणि तो मूळ तुर्की कागद आजवर सापडलेला नाही, आहे ते फक्त 1801 सालचं इटालियन भाषांतर, त्यात 'दगडाचे काही तुकडे' न्यायला हरकत नाही असं काहीतरी आहे. काही तुकडे! पट्टीचा जवळजवळ अर्धा भाग, 15 चौकटी आणि त्रिकोणी शिखरावरच्या 17 मूर्ती हे जर काही तुकडे असतील तर आमच्याकडे चोराने तिजोरीतली थोडी चिल्लर नेली म्हणायला हरकत नाही.

दुसरं उत्तर, आम्ही वाचवली. यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. 1687 ला व्हेनिसच्या तोफांनी आतल्या दारूगोळ्याचा भडका उडाला नि देऊळ फुटलं, नंतर लोक संगमरवर भाजून चुना करायचे, आणि जे तिथेच राहिलं त्याची अथेन्सच्या प्रदूषणाने वाट लावली, सगळं खरंय. पण मग 1930 च्या दशकात तुमच्याच म्युझियममध्ये ती शिल्पं पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या अवजारांनी खरवडली त्याचं काय? आणि 2021 ला पावसाचं पाणी गळून ग्रीक दालनं काही महिने बंद होती. गळक्या छपराखाली बसून दुसऱ्याला घर सांभाळायचं शिकवू नये.

पण मला खरं बोलायचंय ते तिसऱ्या उत्तराबद्दल, की आमचे हात कायद्याने बांधलेत. 1963 चा ब्रिटिश म्युझियम ॲक्ट, थोडे अपवाद सोडले तर वस्तू देऊन टाकता येत नाही. बरं, म्हणून मग लोनवर देऊ. आणि लोनवर घ्यायचं तर ग्रीसने आधी कबूल करायचं की मालक तुम्ही. आपलीच वाटी शेजाऱ्याकडून उसनी आणायची आणि वर सही करून द्यायची की वाटी तुमचीच. कोण देईल अशी सही?

अशा लोनची गोष्ट आम्हाला घरचीच. 2024 च्या जुलैत तुमच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांचीच का यावर वाद आहे, म्युझियमही खात्री देत नाही, ते बाजूला ठेवू. बाबा गुडघेदुखी विसरून लाइनीत उभे राहिले, काचेसमोर जेमतेम मिनिटभर मिळालं असेल, आणि रात्री फोनवर मला विचारतात, "परत द्यायची म्हणजे? कुणाला?" मी विषय बदलला, दुसरं काय करणार.

कायदा बदलत नाही असं तर मुळीच नाही. मानवी अवशेष परत करता यावेत म्हणून 2004 च्या कायद्यात तुम्ही वाट काढलीत. नाझींनी लुटलेल्या वस्तूंसाठी 2009 ला स्वतंत्र कायदा केलात, चांगलंच केलंत. म्हणजे गाठ तुमच्याच संसदेने मारलीये आणि सोडवायचा अनुभव पण आहे. अहो 1816 ला 35,000 पौंडांना ही शिल्पं विकत घ्यायची का यावर चर्चा झाली तेव्हाच ह्यू हॅमर्सली नावाचा तुमचा खासदार म्हणाला होता की घ्या, पण अथेन्सची ठेव म्हणून सांभाळा आणि मागितली की द्या. हरला बिचारा. दोनशे वर्षांत ग्रीस स्वतंत्र झालं, ग्रीसची संस्कृतिमंत्री मेलिना मर्कुरी मागून मागून गेली, 2023 ला पोपनी व्हॅटिकनमधले तीन तुकडे परत पाठवले, व्हॅटिकन काही रिकामं झालं नाही.

हे लिहिताना मला थोडं ओशाळंही वाटतं, कारण ती शिल्पं मी पहिल्यांदा बघितली ती तुमच्याकडेच, तीसुद्धा फुकट. चंद्रदेवी सेलेनीच्या घोड्याचं डोकं आठवा, रात्रभर रथ ओढून दमलेलं, डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं, खालचा जबडा कडेवरून खाली लोंबतोय. शिल्पकाराने तो मुद्दाम शिखराच्या कोपऱ्यात बसवला, तिथून तो जणू क्षितिजाखाली उतरतोय असा दिसावा म्हणून. लंडनला तो चौथऱ्यावर आहे, त्याच्याखाली उतरायला काहीच नाही.

तर मागणी एवढीच. 1963 च्या कायद्यात या शिल्पांपुरतं एक कलम घाला, परत द्यायचं की नाही हे विश्वस्तांना ठरवू दे आणि त्या कागदात लोन हा शब्द नको. विधेयकाचा नंबर कळला की माझ्या खासदाराला मेल टाकतो, मत त्याला मीच दिलंय.

आपला,
ब्रिटिश म्युझियममध्ये पावसाळी शनिवार काढणारा एक सातारकर