पेलेला आजचे नियम द्या, मग बोला

संपादक महोदय, रविवारच्या क्रीडा पानावर 'पेले, मॅराडोना आजच्या फुटबॉलमध्ये टिकलेच नसते' असा लेख वाचला आणि अजिबात पटला नाही. आजचे खेळाडू जास्त फिट आहेत, प्रेसिंग (बॉल असलेल्या खेळाडूवर सतत धावून जाणं) जबरदस्त आहे, मान्य, पण त्या काळी डिफेंडर काय करायचे तेही बघा ना. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला एकाच चालीत दोनदा पाडलं, तरी त्याला बाहेर काढलं नाही, आणि तेव्हा बदली खेळाडू चालतच नव्हता म्हणून पेले उरलेली मॅच लंगडत खेळला. पिवळं-लाल कार्ड वर्ल्ड कपमध्ये आलं १९७० ला. १९८२ मध्ये इटलीविरुद्ध एकट्या मॅराडोनावर २३ फाउल झाले, त्याच्या मागे लागलेल्या इटलीच्या डिफेंडर जेंटिलेला फक्त पिवळं कार्ड मिळालं. आज असं कोणी खेळलं तर अर्ध्या तासात बाहेर जाईल, वर व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणं) आहेच. शिवाय तेव्हाची मैदानं चिखलाची, लेदरचा बॉल भिजला की जड व्हायचा, त्यावर हे लोक ड्रिबल करायचे! आजचा डाएट, आजचा ट्रेनर त्यांनाही मिळाला असता हे लेखकाने धरलेलंच नाही, सगळा हिशोब फक्त वेगाचा मांडलाय.

— एक नियमित वाचक