मंत्री साहेब, बालवाडीच्या गणिताला थोडी माती द्या

मा. शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बालवाडीत शिकवते. सरळ मुद्द्यावर येते, चार-पाच वर्षांच्या मुलांचं गणित वर्कशीटवरून उचलून बागेत न्या. बाग म्हणजे फार मोठी जागा नको, दोन हात लांबीचा वाफा पुरतो, तोही नसेल तर चार कुंड्या.

आमची मुलं शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पालक खूश, पण समोर सात बिया ठेवून किती आहेत विचारलं की सातपर्यंत मोजतात आणि परत "मग किती?" म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू. म्हणजे शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा, हे अजून डोक्यात बसलेलंच नसतं, आणि पाठांतराने ते बसत नाही हो. वाफ्यात एका खड्ड्यात एकच बी टाकायची असं ठरलं की खड्डा उरला तर बिया कमी, बी उरली तर खड्डे कमी, मग भांडणं होतात आणि भांडता भांडता मुलं स्वतःच पुन्हा मोजतात. बाईंनी चूक-बरोबर करायची गरजच पडत नाही.

वजाबाकीही तशीच. घेवड्याच्या दहा बिया लावल्या, सातच उगवल्या, की "बाकीच्या तीन कुठे गेल्या?" हे मुलंच विचारतात. (मी माती उकरून बघू देते, वेळ जातो, जाऊ दे.)

आणि मोजमाप! दर सोमवारी सूर्यफुलाच्या रोपाच्या उंचीएवढी सुतळी कापायची आणि कागदावर शेजारी शेजारी चिकटवायची, खालची टोकं एका रेषेत. महिन्याभरात पट्टी हातात न घेता ग्राफ तयार, रोप कुठल्या आठवड्यात जास्त वाढलं ते मुलं बोट ठेवून दाखवतात.

यात नवीन काहीच नाही, 1840 च्या दशकात जर्मनीत, किंडरगार्टनची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाच्या बालोद्यानात, प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असायचा. आपण बाकं ठेवली, वाफे काढून टाकले.

आता अडचण सांगते. तपासणीला येणारे भरलेल्या वर्कशीट मागतात, त्यामुळे इच्छा असूनही शिक्षिका मुलांना बाहेर काढत नाहीत, आणि काढलं तरी तो "अॅक्टिव्हिटी"चा तास धरतात, गणिताचा नाही. वृक्षारोपणाचा एक दिवस आणि फोटो, असलं काही कृपया नको. टाइमटेबलमध्ये आठवड्यातून दोनदा बागेतलं गणित असं स्पष्ट लिहा, ट्रेनिंगमध्ये बी लावताना मुलांना कुठला प्रश्न कधी विचारायचा हे शिकवा, आणि त्या सुतळ्यांच्या तक्त्याला वर्कशीटच्या जागी पुरावा म्हणून मान्यता द्या. एवढं एक परिपत्रक पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत निघालं तर पेरणी वेळेवर होईल.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका