मिठाच्या पाण्याने इंडिगो पक्का होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कपड्यांच्या निगेवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात रॉ डेनिमच्या (विणल्यावर न धुतलेल्या कापडाच्या) जीन्ससाठी दोन सल्ले होते. पहिल्या धुण्याआधी ती मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करावा आणि पुढे वर्षभर पाणी न लावता, वास आला की फ्रीझरमध्ये ठेवावी. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांच्या भरवशावर राहून महिनोन्महिने अंगावर वागवलेली जीन्स लोक शेवटी मशीनमध्ये टाकतात आणि एका धुण्यात फेड्स (वापराने उमटलेल्या फिक्या खुणा) घालवतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

डायरेक्ट किंवा रिॲक्टिव्ह रंगात सूत रंगवताना पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागते, हे खरे. इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, मात्र पाण्यात विरघळतच नाही. हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिक या रसायनांच्या कुंडात तो आधी पिवळट-हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात आणावा लागतो. सुताचे दोर त्यात बुडवून हवेत काढले की तो पुन्हा निळा होतो आणि धाग्यावर नुसता अडकून बसतो. असे अनेकदा केले तरी धाग्याचा गाभा पांढराच राहतो. घासून वरची निळाई उडाली की हा गाभा दिसू लागतो, तोच फेड. अशा रंगाला मीठ धरून ठेवू शकत नाही. व्हिनेगर फार तर शेवटच्या पाण्यात साबणाचा उरलेला अल्कली मारते.

फ्रीझरच्या उणे १८ अंशांत त्वचेवरचे जिवाणू बहुतांशी तग धरतात आणि कपडा अंगाच्या उबेला आला की पुन्हा वाढू लागतात. जिवाणूंची धास्ती घेण्याचे कारण तसेही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ मध्ये पंधरा महिने न धुता वापरलेली जीन्स तपासली, मग तीच धुऊन सुमारे दोन आठवडे वापरल्यावर पुन्हा तपासली. जिवाणूंचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. खरे नुकसान कापडाचे होते. घामाचे क्षार आणि बारीक धूळ धाग्यांत बसून प्रत्येक पावलागणिक त्यांना कातरतात, आणि जांघेजवळचे कापड विरून फाटते. लीव्हाय्स या जीन्स कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांचे २०१४ मधले विधानही या संदर्भात नेहमी अर्धवट सांगितले जाते. वर्षभराची जीन्स वॉशिंग मशीनमध्ये गेलेली नाही, असे ते म्हणाले होते. हाताने धुतो, हेही त्यांनी नंतर स्पष्ट केले.

फेड्स बिघडतात ते मशीनच्या घुसळणीने. रॉ डेनिममध्ये खळ असते. ओली झाल्यावरही जाड कापडाला ड्रममध्ये कडक, वेड्यावाकड्या घड्या पडतात, त्या घड्यांचे उंचवटे एकमेकांवर घासतात आणि उभ्या पांढऱ्या रेघा उमटतात. वापरून पडलेल्या मांडीवरच्या रेषा आणि गुडघ्यामागची जाळी यांच्यावरून या रेघा आडव्यातिडव्या गेल्या की त्या कायमच्या.

त्यामुळे धुवायची ती हातानेच. बटणे लावून जीन्स उलटी करावी. एकापेक्षा जास्त घडी न घालता ती मावेल असा टब घ्यावा. बादलीत कोंबली तर मशीनसारख्याच घड्या पडतात. सुमारे २० लिटर कोमट पाण्यात, म्हणजे ३० अंशांच्या आसपास, टेबलचमचाभर लिक्विड डिटर्जंट पुरते. पावडर टाळावी. तिच्यात अल्कली जास्त असतो, बऱ्याचदा ऑक्सिजन ब्लीच आणि पांढरे उजळवणारी द्रव्येही असतात. बाटलीवर 'सेल्युलेज' लिहिलेले असेल तर तीही नको, कारण कारखान्यात स्टोनवॉशचा परिणाम साधायला हेच एन्झाइम वापरतात. सॉफ्टनर अजिबात नको. मऊ पडलेल्या कापडात पुढच्या घड्या ठळक बसत नाहीत.

कापडात हवा अडकून जीन्स वर तरंगते आणि डागडाग भिजते. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ठेवून ती दाबावी. अर्धा तास पुरे. अधूनमधून तळव्याने दाबावे. ब्रश लावू नये, चोळू नये. मग फेस जाईपर्यंत तीन-चार पाणी काढावे. पाणी निळे येतच राहील, ते स्वच्छ होण्याची वाट पाहत बसू नये.

पिळू नये. कमरपट्टी धरून उचलावी, निथळू द्यावी, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी (टॉवेलला रंग लागणारच). शिवणी हाताने लांबीला ताणाव्यात, खिशांच्या पिशव्या बाहेर काढाव्यात. त्या सगळ्यात शेवटी वाळतात आणि कुबट वास तिथूनच येतो. उलटीच ठेवून कमरपट्टीला चिमटे लावून सावलीत, वाऱ्यावर टांगावी. दोरीवर मधोमध टाकली तर गुडघ्यावर नको ती रेघ बसते. उन्हात इंडिगो सर्वत्र सारखाच फिकट होतो आणि गडद-फिक्यातला फरक, जो या सगळ्या खटाटोपाचा हेतू, तोच मावळतो. ड्रायरमध्ये आटणे आणि घासणे दोन्ही होते. मागची चामड्याची पट्टी वाळल्यावर कडक वाटली तर तेलाचे एक बोट फिरवावे.

किती दिवसांनी धुवावी? पहिली काही महिने थांबून, रेषा स्पष्ट बसल्यावर; पुढे मळ किंवा वास जाणवला की लगेच. फक्त सॅन्फोराइज न केलेली, म्हणजे कारखान्यात कापड आधीच आटवून न घेतलेली, जीन्स याला अपवाद. ती सात ते दहा टक्के आटते, म्हणजे आतली शिवण ८० सेंमी असेल तर साडेपाच ते आठ सेंमी जातात. ती वापरण्याआधीच गरम पाण्यात तासभर भिजवून आटवून घ्यावी आणि पायाची उंची त्यानंतरच कापावी. आधी वापरून मग आटवली तर गुडघ्याचे फेड्स मांडीकडे सरकतात.

पुढच्या पुरवणीत मीठ-व्हिनेगरच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
डेनिम वापरणारी आणि दुरुस्त करणारी वाचक मंडळी