ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली, पण दुपारची झोप कुठून आणायची?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मेडिटेरेनियन डाएटवर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीस, इटली, स्पेनसारख्या देशांतल्या पारंपरिक खाण्यावर, अख्खं पान दिलं होतं, फोटो सुंदर होते, ग्रीक सॅलडची रेसिपी होती आणि वर मोठ्या अक्षरात दीर्घायुष्याचं रहस्य असं लिहिलं होतं. ते वाचल्यापासून दोन दिवस मनात घोळतंय म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण शेवटी जे मागितलंय तेवढं ठेवा ही विनंती.

हा विषय आमच्या घरात दीड वर्षापूर्वी आला. मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली, वय ५६, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कंपनीत नोकरी, तीन शिफ्टमध्ये उभी हयात गेली. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलमधून एक छापील कागद मिळाला, सगळा इंग्रजीत, त्यात ऑलिव्ह ऑइल, किन्वा, ॲव्होकॅडो, ब्रोकोली, सॅमन मासा. मी तो कागद घेऊन मॉलमध्ये गेले, एक लिटर तेलाची बाटली हजाराच्या वर, आणली, आणि घरी येऊन त्यात मोहरी जिऱ्याची फोडणी दिली. मिस्टरांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. त्या दिवशी मला रडू आलं होतं कारण मला वाटलं यांना वाचवायचं असेल तर हेच खाऊ घालावं लागणार आणि हे तर त्यांच्या घशाखाली उतरत नाहीये.

मग मी वाचायला लागले. मुलगी पुण्याला असते, तिने मोबाइलवर लेख पाठवले, जिथे अडलं तिथे फोनवर समजावून सांगितलं. आणि जसजसं वाचत गेले तसं लक्षात आलं की त्या कागदावर जे लिहिलंय ते अर्धंच आहे.

अँसेल कीज नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५८ पासून सात देशांतल्या जवळपास तेरा हजार पुरुषांचा अभ्यास केला, सगळे चाळीस ते एकोणसाठ वयाचे. फिनलंडमध्ये हार्टअटॅकने माणसं पटापट जात होती आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर फारच कमी. आता हे क्रीटचे लोक खात काय होते? जाड पाव, कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, फळं, कांदा, थोडं चीज, आणि सगळ्यावर ऑलिव्हचं तेल कारण झाडं दारातच. मटण क्वचित. आणि ते काही कुणी डाएट म्हणून खात नव्हतं, महायुद्धानंतरचे दिवस, गरिबी होती, परवडायचं नाही म्हणून मटण नव्हतं. शिवाय हे लोक शेतकरी, दिवसभर डोंगरउतारावर चालणारे. हा भाग रेसिपीच्या पानावर कधीच येत नाही. कीज स्वतः पुढे इटलीत पिओप्पी नावाच्या समुद्रकाठच्या गावात बरीच वर्षं राहिले आणि २००४ साली वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. डाएट हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ नुसतं खाणं नाही, जगण्याची रीत असा आहे. युनेस्कोने २०१० साली हे डाएट सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा पेरणी, कापणी, मासेमारी, स्वयंपाक आणि मुख्य म्हणजे एकत्र बसून जेवणं हे सगळं धरून घेतलं. आपल्याकडे तर आहार-विहार हा शब्दच जोडीने येतो. मग हॉस्पिटलच्या कागदावर नुसता आहार का, विहार कुठे गेला?

माझे वडील पंचवटीत किराणा दुकान चालवायचे. दुपारी एक वाजला की फळ्या लावायच्या, घरी येऊन सगळ्यांबरोबर पानावर बसायचं, मग चटईवर तासभर डोळा लावायचा आणि चारला चहा घेऊन परत दुकान उघडायचं. गिऱ्हाईकांनाही ते माहीत असायचं, कुणी कुरकुर करायचं नाही. आता तेच दुकान भाऊ चालवतो, सकाळी सात ते रात्री अकरा, जेवण गल्ल्यावर बसून डब्यातलं, एका हातात फोन. बंद ठेवून करणार काय, दहा मिनिटांत घरपोच देणारे आलेत. त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. वडील शहाऐंशी वर्षं जगले, त्याचं श्रेय मी एकट्या दुपारच्या झोपेला देत नाही, पण ग्रीसमध्येच साडेतेवीस हजारांहून जास्त लोकांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला होता, त्यात आधी हृदयाचा त्रास नसलेल्यांपैकी जे लोक आठवड्यातून निदान तीनदा दुपारी अर्धा तास तरी झोपायचे त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी दिसले, आणि नोकरीधंदा करणाऱ्या पुरुषांमध्ये हा फरक जास्त ठळक होता. नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास आहे, झोपेमुळेच झालं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही हे मान्य. पण वाचताना मला वडिलांची ती चटई डोळ्यासमोर आली आणि लगेच भाऊ आला.

तुमच्या पानात ग्रीसच्या इकारिया बेटाचा आणि इटलीच्या सार्डिनिया बेटाचा उल्लेख होता, तिथे शंभरी गाठणारे खूप म्हणून. त्याबद्दलही थोडं लिहायला हवं होतं. सार्डिनियाच्या डोंगराळ भागात शंभरी गाठलेल्या पुरुषांची संख्या बायकांच्या जवळपास बरोबरीने आहे असं पेस आणि पूलाँ या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडलं, नकाशावर निळ्या शाईने गोल काढले म्हणून ब्लू झोन हे नाव पडलं. ते पुरुष बहुतेक मेंढपाळ, रोज मैलोन्मैल चढउतार करणारे. म्हणजे निवांत जगणं याचा अर्थ बसून राहणं नाही, घाई नाही एवढाच. पण दुसरी बाजूही आहे. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने दाखवलं की शंभरीच्या पुष्कळ नोंदी जन्माच्या कच्च्या कागदपत्रांवर उभ्या असतात, आणि खुद्द ग्रीसमध्ये मेलेल्या माणसांच्या नावावर पेन्शन चालू असल्याची कितीतरी प्रकरणं २०१२ च्या आसपास सापडली. आपल्याला हे पटायला वेळ लागत नाही. दिंडोरी तालुक्यात माझी आत्या आहे, आम्ही म्हणतो एक्याण्णव वर्षांची, पण तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे, तिच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, खरी तारीख कुणालाच माहीत नाही.

मग सगळंच खोटं का? नाही. जेवणाचा पुरावा या शंभरीच्या दाखल्यांवर अवलंबून नाहीच मुळी. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर मोठी ट्रायल झाली, वय पंचावन्न ते ऐंशी, सगळे हृदयरोगाचा धोका असलेले. एका गटाला मेडिटेरेनियन जेवणासोबत ऑलिव्ह ऑइल, एका गटाला त्याच जेवणासोबत रोज मूठभर अक्रोड बदाम आणि तिसऱ्याला नुसता कमी फॅट खायचा सल्ला. पहिल्या दोन गटांत हार्टअटॅक, स्ट्रोक आणि असे मृत्यू मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. २०१३ ला निकाल आला, मग गट पाडण्यात चुका झाल्याचं लक्षात आलं, पेपर मागे घेतला, पुन्हा हिशेब करून २०१८ मध्ये छापला आणि आकडे जवळपास तेच आले. चूक कबूल करून पुन्हा छापलं म्हणून माझा तरी विश्वास वाढला.

आता आपल्याकडचं. आत्याचं ताट मी लहानपणापासून बघतेय. नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी, हुलग्याचं नाहीतर मठाचं कालवण, तांदुळजा, अंबाडी, पावसाळ्यात कुरडू, टाकळा, कर्टुली, खुरासणीची चटणी, वाटीभर ताक, बोट बुडेल एवढंच तेल. मटण सणाला. क्रीटच्या त्या ताटाशी ताडून बघा, धान्य अख्खं, डाळी रोज, पाला भरपूर, मांस कमी. ऑलिव्ह नाही, पण शेंगदाण्याच्या तेलातही ओलेइक ॲसिड बऱ्यापैकी असतं, ऑलिव्हमध्ये जे मुख्य असतं तेच. बरोबरी आहे असं म्हणत नाही, चांगल्या ऑलिव्ह ऑइलमध्ये इतरही गुणाची द्रव्यं असतात, पण साधं शेंगदाणा तेल मापात वापरणाऱ्या बाईने स्वतःला अपराधी समजायचं कारण नाही.

आपलं सगळं जुनं तेवढं चांगलं असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. उपवासाचंच घ्या. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक वर्षातले १८० च्या वर दिवस उपवास धरतात, आणि त्यांचा उपवास म्हणजे मांस, अंडी, दूध, चीज बंद, म्हणजे आपोआप डाळी आणि भाज्यांवर येणं. आपण एकादशीला काय करतो? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर, म्हणजे एरवी जी डाळ आणि भाजी पोटात जाते तीच नेमकी त्या दिवशी बंद. मी आता भगर आणि दाण्याची आमटी, सोबत काकडी आणि रताळं असं करते. लोणचं पापडातलं मीठ आणि चहातली साखर यांवर तर वेगळं पत्र होईल. रविवारी सकाळी मिसळीसाठी नंबर लावून उभं राहायचं हे नाशिककरांच्या रक्तातच आहे, मी त्याविरुद्ध नाही, महिन्यातून एकदा आम्हीही जातो, पण तर्री दोनदा मागून घेत नाही.

आणि वाइन. आपलं शहर द्राक्षाचं आणि वाइनचं, त्यामुळे इथे प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतोच की रोज एक ग्लास हार्टला चांगला, मेडिटेरेनियन लोक पितात ना. मिस्टरांना तर हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी हाच सल्ला दिला. तिकडचे लोक पितात ते थोडी, जेवता जेवता, चार माणसांत बसून. पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या बागायतदाराच्या कष्टाबद्दल मला आदर आहे, माझे माहेरचे निम्मे नातेवाईक द्राक्षवालेच आहेत. पण द्राक्षं नुसती धुऊनही खाता येतात, औषध म्हणून वाइन सुरू करू नका एवढं तुमच्या पानात एका ओळीत यायला हवं होतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते हे की त्या देशांत स्वतःच हे सगळं सुटत चाललंय. ग्रीस, इटली, स्पेन इथली मुलं आज युरोपातल्या सगळ्यात लठ्ठ मुलांमध्ये मोजली जातात. आजोबांचं डाएट वारसा यादीत आणि नातवाच्या हातात बर्गर. आपणही त्याच रस्त्याला लागलोय, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचं निघालं. कॉलेज रोडला रात्री साडेनऊला क्लास सुटतात, पोरं तिथेच गाडीवर काहीतरी खातात, घरी येऊन साडेदहा अकराला परत जेवतात, आईबाप त्यांच्यासाठी थांबतात. कोणतं तेल आणलं त्याने यात काय फरक पडणार आहे?

आम्ही घरी काय केलं ते सांगते. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांच्या तारखा चुकवत नाही, त्याला पर्याय नाही. नाइट शिफ्ट कंपनीने विनंतीवरून बंद केली. रात्रीचं जेवण साडेसातला, टीव्ही बंद, दोघं आणि सासूबाई एकत्र. फर्स्ट शिफ्ट असली की मिस्टर तीनला घरी येतात आणि अर्धा तास आडवे होतात, आधी त्यांना लाज वाटायची, लोक काय म्हणतील भर दुपारी झोपतो. संध्याकाळी गोदाघाटापर्यंत चालत जातो, जाताना फुटपाथ दोन ठिकाणी आहे, बाकी रस्त्यावरून, गाड्या अंगावर येतात, सासूबाईंना तर नेताच येत नाही. इकारियाच्या म्हाताऱ्यांना चढ आहे पण डंपर नाही.

तेव्हा मागणं असं आहे. ऑलिव्ह आणि किन्वाच्या रेसिपी छापा, पण त्याऐवजी नाहीतर त्यासोबत दर महिन्याला एक छोटा चौकोन द्या, या महिन्यात नाशिकच्या बाजारात कोणती पालेभाजी, कोणतं कडधान्य, पेठ सुरगाण्याकडून कोणती रानभाजी आलीय, ती कशी करायची, तेल किती. शहरातल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना तुमच्या पेपरातून विचारा की डिस्चार्जचा कागद मराठीत आणि इथल्या जिनसांचा का असू नये, आणि त्यात झोप, चालणं, जेवायची वेळ हे का नसावं. आणि महापालिकेला विचारा की पंचवटीतल्या सत्तरीच्या बाईने संध्याकाळी घाटापर्यंत चालत कसं जायचं.

असा एक कागद मी माझ्यापुरता तयार केलाय, दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेला, फ्रिजवर लावलेला आहे, शेजारच्या चौघीजणींनी उतरून नेला. मी काही तज्ज्ञ नाही, त्यात चुका असतील, म्हणून त्याची झेरॉक्स पत्रासोबत जोडलीय. एखाद्या आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि योग्य वाटल्यास छापा, नाव माझं टाकायची गरज नाही.

आपली नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक